वीस तारीख उलटली की नेट मंदावतं: एफयूपीचा वाद लढायचा कसा

पहिले पंधरा-वीस दिवस नेट छान पळतं. मग एका संध्याकाळी व्हिडिओ अडकायला लागतो, मुलीचा ऑनलाइन क्लास तुटक येतो, मोबाइलवरचा पैशांचा व्यवहार मधेच लटकतो. केबलवाल्याला फोन लावला की उत्तर येतं, "दादा, तुमचं लिमिट संपलं. एक तारखेला आपोआप चालू होईल." ग्राहक म्हणतो, "अनलिमिटेडचे पैसे भरलेत, लिमिट आलं कुठून?" पुढच्या महिन्यात पुन्हा तेच संभाषण.

लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत घरांची, दुकानांची, अभ्यासिकांची नेटवर्कची कामं मी करतो. "भाऊ, नेट चालंना गेलंय" असा फोन आला की त्यातले कितीतरी शेवटी याच वादाशी येऊन थांबतात. ग्राहकाची बाजू बऱ्याचदा खरी असते, तरी तो हरतो, कारण कंपनीकडे आकडा असतो आणि ग्राहकाकडे फक्त राग. म्हणून या लेखात भर आहे तो आकडा मिळवण्यावर आणि तो लेखी मांडण्यावर.

आधी खात्री करा: ही एफयूपीच आहे का?

एफयूपी (फेअर यूसेज पॉलिसी) म्हणजे ठरावीक डेटा वापरून झाला की कंपनी वेगाची कमाल मर्यादा खाली आणते. त्याची खूण ओळखायला सोपी आहे: मंदावलेला वेग दिवसभर एकसारखा राहतो. पहाटे पाचला मोजा, दुपारी मोजा, रात्री नऊला मोजा. तिन्ही वेळा आकडा २ एमबीपीएसच्या आसपासच राहिला, तर वेग कंपनीने कापलेला आहे. पहाटे ९० आणि रात्री नऊला ८ असं येत असेल तर एफयूपीचा संबंध नाही. तिथे कंपनीने एका लाइनीवर पेलण्यापेक्षा जास्त घरं जोडलेली आहेत आणि संध्याकाळी सगळे एकदम बसले की ती गुदमरते. ही तक्रार वेगळी आहे. ती एफयूपीची म्हणून मांडली तर "तुमचं लिमिट शिल्लक आहे, आमच्याकडून सगळं ओके" असं एका ओळीचं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते.

मोजणी वायफायवर करू नका. लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडा आणि बाकीच्या घराला दहा मिनिटं नेट वापरू नका म्हणून सांगा. वायफायवरच मोजावं लागलं तर राऊटरच्या खोलीत, ५ गिगाहर्ट्झच्या नावावर मोजा. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत वायफाय दुसऱ्या खोलीत पोहोचेपर्यंत अर्धंमुर्धं उरतं आणि त्याचं खापर लिमिटवर फुटतं.

मोजण्यासाठी एकाच साइटवर विसंबू नका. काही स्पीड टेस्टचे सर्व्हर कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातच बसवलेले असतात. तिथवरचा रस्ता मोकळा असला म्हणजे पुढचाही असेल असं नाही. ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड ॲप आणि त्याखेरीज एखादी वेगळी टेस्ट, ज्यात सर्व्हर निवडता येतो आणि मुंबई किंवा हैदराबादचा निवडता येईल, अशा दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. स्क्रीनशॉटवर तारीख आणि वेळ दिसलीच पाहिजे.

फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, केबल तुटली किंवा दबली आहे. रस्त्याचं काम सुरू असेल तर बहुधा जेसीबीनेच तोडलेली असते. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत भिंतीला ठोकलेला डबा इतका तापतो की आपोआप बंद-चालू होत राहतो. तो खाली, हवा लागेल अशा जागी आणला तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

किती जीबी म्हणजे किती वापर?

आपल्याकडे घरगुती फायबरचे 'अनलिमिटेड' म्हणून विकले जाणारे पुष्कळ प्लॅन महिन्याला ३,३०० जीबीवर थांबतात. टॉवरवरून हवेतून येणाऱ्या जोडणीत ही मर्यादा बरीच कमी, अनेकदा १,००० जीबी असते. स्थानिक कंपन्यांच्या प्लॅनमध्ये ती कितीही असू शकते.

चार माणसांच्या घराला ३,३०० जीबी संपवणं अवघड आहे. एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी खातो, फोर-के असेल तर ७ जीबीपर्यंत. म्हणजे रोज दहा तास एचडी पाहिलं तरी महिन्याचे ९०० जीबी होतात. अशा घरात वीस तारखेला ३,३०० जीबी संपले असं कंपनी सांगत असेल तर काहीतरी गडबड आहे, आणि ती शोधायलाच हवी.

माझ्या अनुभवात पहिला संशय कॅमेऱ्यावर घ्यावा. रेकॉर्डिंग क्लाउडवर चोवीस तास पाठवणारा २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी पाठवतो, महिन्याला जवळपास ६५० जीबी. दुकान आणि घर मिळून असे चार कॅमेरे एका लाइनीवर असतील तर २,६०० जीबी कोणी व्हिडिओ न पाहताच गेले, कारण पुष्कळ कंपन्या डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मिळून मोजतात. उपाय सोपा आहे: रेकॉर्डिंग घरातल्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावर) ठेवायचं आणि क्लाउडवर फक्त हालचाल झाली तेव्हाचा तुकडा पाठवायचा. दुसरा संशय टीव्हीच्या खालच्या बॉक्सवर. टीव्ही रिमोटने बंद होतो, पण बॉक्स चालूच राहतो आणि रात्रभर चॅनल ओढत बसतो. तिसरा संशय वायफायच्या पासवर्डवर, जो भाडेकरूला, शेजारच्या पोराला, लग्नाला आलेल्या सगळ्या पाहुण्यांना दिलेला असतो आणि कधीच बदललेला नसतो.

लातुरातल्या वसतिगृहांच्या मालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नीट-जेईईच्या तयारीला आलेली चाळीस मुलं एका घरगुती जोडणीवर असतील, तर ३,३०० जीबी भागिले चाळीस मुलं भागिले तीस दिवस, म्हणजे प्रत्येकाला रोज पावणेतीन जीबी. एक तासाचं एचडी लेक्चर पाहिलं की संपलं. घरगुती प्लॅनच्या अटींत व्यावसायिक वापराला मनाई लिहिलेली असते, त्यामुळे ही तक्रार पुढे नेली तरी टिकणार नाही. तिथे व्यवसायासाठीची जोडणी घेणं हाच मार्ग आहे. मुलांकडून नेटचे पैसे वेगळे घेतले जात असतील तर ती जबाबदारी मालकाचीच आहे.

कंपनीचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही

वादाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

कंपनीच्या ॲपमध्ये दिसणारा वापर रोज रात्री एका वहीत उतरवून ठेवा, शेजारी आपल्या राऊटरवरचा आकडा. राऊटरवरचा आकडा लाइट गेली की बहुतेक साध्या राऊटरांत शून्यावर येतो. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. म्हणून रोज लिहायचं, आणि लाइट येऊन मोजणी पुन्हा सुरू झाली की तशी खूण करायची. ज्यांना जमेल त्यांनी राऊटरला छोटा यूपीएस लावावा, वापराची नोंद सलग राहते.

थोडा फरक राहणारच. काही राऊटर जीबी १,०२४ च्या पटीत मोजतात आणि कंपनी १,००० च्या पटीत. त्यामुळे कंपनीचे ३,३०० जीबी झाले तेव्हा अशा राऊटरवर ३,०७३ दिसतील, आणि ही फसवणूक नव्हे. पण आपल्या वहीत १,१०० आणि कंपनीकडे ३,३०० असेल तर तो फरक कोणत्याही पटीत बसत नाही.

असा मोठा फरक बहुधा तीन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे महिना कधी सुरू होतो याचा घोळ. आपण एक तारखेपासून मोजतो, प्लॅन सुरू झालेला असतो अकरा तारखेला. काही प्लॅन ३० दिवसांचे असतात, काही २८, आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तरी मर्यादा महिन्यागणिक असते. ॲपमधली सायकलची, म्हणजे प्लॅनचा महिना सुरू होण्याची, तारीख पाहून वही तिथून सुरू करा.

दुसरं म्हणजे सेशनचा हिशोब. नेट जोडलं की कंपनीच्या सर्व्हरवर एक सेशन उघडतं आणि तुटलं की बंद होतं, वापर त्याच्या नावावर चढतो. काही वेळा जुनं सेशन नीट बंद होत नाही आणि मागच्या सायकलचा वापर नव्या सायकलवर पडतो. सायकलच्या पहिल्याच दिवशी ॲपमध्ये शेकडो जीबी दिसले तर संशय इथेच घ्या आणि त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा, नंतर तो पुरावा हाती लागत नाही.

तिसरं सगळ्यात गंभीर: तुमच्या लॉगिनवर दुसरं कोणीतरी नेट वापरतंय. अनेक स्थानिक कंपन्यांत पीपीपीओईचं (राऊटर ज्या लॉगिनने कंपनीशी जोडला जातो त्याचं) युजरनेम म्हणजे मोबाइल नंबर आणि पासवर्ड म्हणजे १२३४५६. जोडणी करणाऱ्या पोराने सगळ्या गल्लीला तोच ठेवलेला असतो. एका लॉगिनवर एकाच वेळी दोन सेशन चालणार नाहीत असं बंधन कंपनीने घातलं नसेल, तर तुमच्या मर्यादेत दुसरं घर जेवतंय आणि तुम्हाला पत्ता नाही.

हे पकडायला एकच कागद लागतो, सेशननिहाय वापराची नोंद. कंपनीच्या सर्व्हरवर प्रत्येक सेशन कधी सुरू झालं, कधी संपलं, किती डाउनलोड, किती अपलोड आणि कोणत्या उपकरणाच्या मॅक ॲड्रेसवरून (उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून), हे सगळं असतं. "सिस्टीममध्ये एवढंच दिसतं" असं तक्रार केंद्रातला माणूस म्हणेल, कारण त्याच्या पडद्यावर एकूण बेरीजच असते. नोंद वरच्या पातळीवर मिळते, म्हणून ती लेखीच मागायची.

नोंद हातात आली की आधी मॅक ॲड्रेस पाहा, तो तुमच्या राऊटरच्या खालच्या चिठ्ठीवरच्या ॲड्रेसशी जुळतो का. मग दोन सेशनच्या वेळा एकमेकींवर चढतात का ते पाहा. आणि मग आपल्याकडचा एक भक्कम पुरावा वापरा: लाइट. महावितरणकडून वीजबंदीचे एसएमएस येतात, ते पुसू नका. तुमच्या घरी इन्व्हर्टर नाही, राऊटरला यूपीएसही नाही, सकाळी दहा ते दुपारी दोन लाइट नव्हती, आणि नोंदीत त्या वेळेत सुरू होऊन संपलेल्या सेशनवर ४० जीबी उतरलेत, तर ते नेट तुमच्या घरात आलेलंच नाही. घराला कुलूप लावून राऊटर बंद करून चार दिवस गावी गेला असाल तर तोही असाच पुरावा, प्रवासाचं तिकीट जपून ठेवा.

नोंद मिळायच्या आधीच लॉगिनचा पासवर्ड बदलून घ्या आणि लॉगिन तुमच्या डब्याच्या मॅक ॲड्रेसशी बांधून द्यायला सांगा. ही मागणी रास्त आहे, आणि काम कंपनीच्या बाजूने काही मिनिटांचं आहे.

तुमची कंपनी नेमकी कोणती?

खेड्यापाड्यांत आणि तालुक्याच्या गावी पैसे घ्यायला येणारा केबलवाला ही कंपनी नसते. तो कुठल्या तरी परवानाधारक कंपनीचा भागीदार असतो. तक्रार त्या कंपनीकडे करायची असते, तर नाव काढा: स्पीड टेस्टच्या पडद्यावर सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं. मग केबलवाल्याकडे त्या कंपनीचं जीएसटीसह बिल मागा. बिल मिळालं की तुम्ही तिचे ग्राहक आहात हे सिद्ध झालं.

बिल मिळतच नसेल, तर फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या बाजूचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, पाहा. १०० ने सुरू होणारा असणं हल्ली सामान्य आहे, एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला जातो. पण १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला तर तुमचा डबा दुसऱ्या कोणाच्या तरी राऊटरमागे बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग तुमच्या घराला स्वतःची मर्यादाच नाही. ज्या घरात नेट घेतलंय, त्या घराच्या नावावर खातं असलंच पाहिजे. हे आधी सोडवा, बाकीचं नंतर.

केबलवाल्याशी भांडू नका मात्र. केबल तुटली की रात्री अकराला शिडी घेऊन तोच येतो, आणि मर्यादा त्याच्या हातात नसते. "काका, तुमच्यावर तक्रार नाही, कंपनीला लिहितोय" एवढं आधी सांगितलं तर नोंद मिळवायला तोच मदत करतो.

नियम काय म्हणतो

ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी दिलेल्या निर्देशातल्या चार गोष्टी तक्रारीत वापरायच्या आहेत. प्रत्येक प्लॅनची डेटा मर्यादा, मर्यादेपर्यंतचा वेग आणि मर्यादेनंतरचा वेग कंपनीने वेबसाइटवर आणि जाहिरातीत सांगितला पाहिजे. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला एसएमएसने किंवा ईमेलने कळवलं पाहिजे. मर्यादा संपल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही. आणि ही माहिती नव्या ग्राहकासोबत जुन्यालाही दिली पाहिजे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग लागेल अशी व्याख्या केली. कंपनी मर्यादेनंतर त्याहून कमी वेग देत असेल तर हा मुद्दाही लिहा.

यातला कळवण्याचा मुद्दा सगळ्यात उपयोगी पडतो. ५० आणि ९० टक्क्यांचे मेसेज आलेच नसतील तर कंपनीची बाजू तिथेच लंगडी पडते. फक्त खात्यावर जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हे आधी तपासा. पुष्कळ ठिकाणी तिथे केबलवाल्याचाच नंबर टाकलेला असतो आणि सगळे मेसेज त्याच्याकडे जातात.

तक्रार अशी लिहा

फोनवरची तक्रार हवेत विरते. फोन कराच, पण डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय ठेवू नका, आणि त्याच दिवशी ईमेल पाठवा. मजकूर असा पुरेल:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक, प्लॅन अमुक, सायकल अमुक तारखेपासून. दिनांक अमुक रोजी माझा वेग अमुकवरून अमुकवर आणण्यात आला. माझ्या राऊटरच्या नोंदीनुसार तोपर्यंतचा वापर अमुक जीबी आहे, आपल्या ॲपमध्ये अमुक जीबी दिसतो. ५० आणि ९० टक्के वापराची सूचना मला मिळालेली नाही. कृपया या सायकलची सेशननिहाय नोंद, वेळ, डाउनलोड, अपलोड आणि मॅक ॲड्रेससह द्यावी. पडताळणी होईपर्यंत मूळ वेग पूर्ववत करावा आणि वेग कमी असलेल्या दिवसांचं शुल्क पुढील बिलात वळतं करावं. सोबत स्क्रीनशॉट आणि वापराचा तक्ता जोडला आहे. डॉकेट क्रमांक अमुक."

यात 'लूट' किंवा 'चोर' असे शब्द घालू नका. हा कागद उद्या ग्राहक आयोगासमोर जाईल तेव्हा वाचणाऱ्याला फक्त तारखा आणि आकडे दिसले पाहिजेत.

उत्तर समाधानकारक नसेल किंवा मुदतीत आलंच नसेल तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याला फी लागत नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. बरेच लोक ही पायरी गाळून थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, ते पत्र फिरून कंपनीकडेच येतं. त्यापेक्षा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, दूरसंचार विभागाच्या नावे तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही लावा, मराठीत बोलता येतं. मोठ्या कंपन्यांची पुष्कळ प्रकरणं इथेच मिटलेली मी पाहिली आहेत.

तरीही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचारच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कंपनीचा माणूस ठासून सांगेल. ते खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या व्याख्येत दूरसंचार स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ग्राहक आयोगांचा हा अधिकार मान्य केला. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याची फी शून्य आहे, आणि घरगुती नेटचं बिल तिथवर जातच नाही. वकील बंधनकारक नाही, पण दोन वर्षांच्या आत दाखल करायला हवं. मागणी करताना 'सेवेतील त्रुटी' आणि जाहिरात खोटी असेल तर 'अनुचित व्यापार प्रथा' हे कायद्यातले शब्द वापरा.

वाद सुरू असताना बिल थांबवू नका. पैसे थकले की कंपनी जोडणी तोडते, आणि मग मुद्दा वापराचा न राहता थकबाकीचा होतो. भरताना "हरकत राखून भरणा" असं ईमेलने कळवायचं.

आणि कंपनी बदलायचीच ठरली तर वर्षाचा प्लॅन असल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे आणि डब्याची अनामत लेखी मागा. मोबाइलसारखं नंबर तोच ठेवून दुसरीकडे जाणं ब्रॉडबँडमध्ये नाही, त्यामुळे नवी जोडणी सुरू होऊन वायरने मोजलेला वेग चार दिवस नीट मिळाल्यावरच जुनी बंद करा. डबा परत देताना त्याचा सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या. अनामत अडकते ती नेमकी या पोचेअभावी.